जोडीदार, बढतीपुरता

आम्रपाली सोनकांबळे चुकून शेजारच्या खोलीत शिरली, तेव्हा तिथे एक उंच, सडसडीत गृहस्थ रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करत होते.

"सर... मॅडम... मी पुष्कर भाटे. भूगोल शिकवतो," ते खुर्च्यांना म्हणाले आणि थबकले. "नको, 'अध्यापन करतो' म्हणू का?"

"'शिकवतो'च म्हणा. मुलं शिकली म्हणजे झालं," आम्रपाली दारातून म्हणाली.

गृहस्थ गर्रकन वळले. तिच्या हातातली जाड फाईल आणि कपाळावरची आठी पाहून ही मुलाखत मंडळातलीच कुणीतरी, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. आम्रपालीनं खरं तर तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. पण खुर्ची पंख्याखाली होती, आणि पुण्यातला ऑक्टोबर काही कुणाचा सगा नसतो. ती बसली.

"तर भाटे, इतकी वर्षं सहायक प्राध्यापकच का राहिलात?"

पुष्कर खाली बघत म्हणाला, "खरं सांगू? शोधनिबंध लिहून तयार आहे. पण पाठवायचं धाडसच होत नाही. दर वेळी वाटतं, अजून एकदा वाचून बघू."

उत्तर इतकं सरळ होतं, की आम्रपाली पुढचा प्रश्न विसरली. "मी मंडळात-बिंडळात नाही हो. संख्याशास्त्र शिकवते. माझीही बढती अडकलीय. तो सुनीती मॅडमचा सराव-गट कुठे भरतो?"

"शेजारी," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "मीही तिकडेच..."

सुनीती मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. निरनिराळ्या कॉलेजांतले बढतीसाठी ताटकळलेले प्राध्यापक त्या दर शनिवारी सकाळी एकत्र जमवायच्या. एकमेकांचे निबंध वाचायचे, लुटुपुटूच्या मुलाखती घ्यायच्या, कुणी रडकुंडीला आलं तर चहा पाजायचा. प्रत्येकाला एक जोडीदार मिळायचा.

"सोनकांबळे, तुम्ही फार तोडून बोलता. भाटे, तुम्ही बोलतच नाही. तुम्ही दोघं एकत्र," मॅडमनी निकाल दिला. "आणि इथे गोडगोड बोलायचं नाही. त्यासाठी सारसबाग आहे."

आम्रपालीला ही बढती हवीच होती. मागच्या खेपेला एका तज्ज्ञांनी तिला विचारलं होतं, "घर सांभाळून संशोधन कसं काय जमतं?" ती म्हणाली होती, "सर, तुम्हाला कसं जमतं?" बढती तिथेच राहिली. वडिलांनी, दशरथरावांनी, आदल्याच दिवशी आणून ठेवलेले पेढे मग घरातल्या घरात संपवावे लागले. आम्रपालीनं त्यानंतर पेढा खाल्ला नव्हता.

शनिवारमागून शनिवार गेले. पुष्करचा निबंध धायरीतल्या बुजलेल्या ओढ्यांवर होता. आम्रपालीनं तो लाल पेनानं सोलून काढला.

"'ओढा लाजून इमारतींमागे दडला.' ओढा लाजतो?"

"धायरीतला लाजतो."

"मी धायरीतच राहते. आमच्याकडे ओढा नाहीच."

"तेच तर म्हणतोय ना... दडलाय."

ती हसली. आपण हसलो हे तिला जरा उशिरानंच कळलं.

तिच्या निबंधावर मात्र त्याचे शेरे भलतेच. 'छान.' 'फारच छान.' एका तक्त्याशेजारी नुसतं 'वा!'

"भाटे सर, 'वा' ही दुरुस्ती आहे का?"

"नाही... दाद आहे."

आकड्यांच्या तक्त्याला आजवर कुणी दाद दिली नव्हती. आम्रपालीनं लाल पेनाचं टोपण उगाचच दोनदा लावलं, काढलं.

"तुमची एकदा न सांगता मुलाखत घेणार आहे मी," ती म्हणाली. "गाफील पकडल्याशिवाय तुम्ही सुधारणार नाही."

एका रविवारी तो ओढा बघायला धायरीला यायचा होता. "आज माझा जोडीदार येणार आहे," असं घरी सांगून आम्रपाली ब्रेड आणायला बाहेर पडली आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीत अडकली. इकडे तिची आई, शैलाताई, कुकर बंद करून आधी साडी बदलायला गेल्या.

आम्रपाली परतली, तेव्हा दार उघडंच होतं. पुष्कर पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ताठ बसला होता. समोर इस्त्रीच्या शर्टात दशरथराव. ही न सांगता घ्यायची मुलाखत, हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

"पुढचा विचार काय आपला?" दशरथराव विचारत होते.

"सर, आजवर सगळं एकट्यानंच केलं. आता जोडीनं करावं म्हणतो. पाच वर्षांत तीन तरी व्हावेत."

शैलाताईंच्या हातातला डाव खाली पडला. "तीन?"

"निदान दोन, मॅडम. त्यातला एक परदेशात."

"बाळंतपण परदेशात?" शैलाताई दशरथरावांच्या कानात कुजबुजल्या. त्यांनी हातानंच 'थांब' म्हटलं.

"घरच्यांचं काय म्हणणं?"

"आई म्हणते, वय चाललंय, आता तरी पदरात पाडून घे."

"हं. आणि आम्ही बौद्ध आहोत, तुम्ही नारायण पेठेतले. त्याचं त्यांना काही?"

पुष्करनं दशरथरावांकडे पाहिलं, शैलाताईंच्या काठपदराकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. दारातल्या आम्रपालीला जमीन दुभंगली तर बरं, असं वाटत होतं.

"काका, माफ करा," तो उठून उभा राहिला. "मला वाटलं, ही सरावाची मुलाखत आहे. मी शोधनिबंधांबद्दल बोलत होतो."

पुष्करनं बशी खाली ठेवली आणि पुढे म्हणाला, "पण तुम्ही विचारलंच आहे तर... आईशी मी बोललेलो नाही. बोलेन. मला स्वतःला विचाराल, तर मी..."

त्याला दारात आम्रपाली दिसली, आणि वाक्य तिथेच थांबलं.

ओढा बघायला दोघं गेले, पण ओढ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एका सोसायटीच्या भिंतीखालून पाण्याची बारीकशी धार वाहत होती.

"तर तुम्ही... काय?" तिनं विचारलं.

पुष्करनं घसा खाकरला. "जरा विचार करून, नीट शब्दांत..."

"अजून एकदा वाचून बघणार?" आम्रपाली तडकली. "बघा. निबंध कपाटात पडून आहेच. त्याच्याशेजारी जागा असेल."

ती त्याला तिथेच सोडून घरी आली. पुढच्या शनिवारी दोघं एकमेकांना 'नमस्कार' सोडून काही बोलले नाहीत. फक्त निघताना पुष्कर म्हणाला, "निबंध पाठवला. आणि तुमच्या मुलाखतीत राग आला, तर उत्तर देण्याआधी पाणी प्या. सगळा ग्लास."

मुलाखतीला तेच तज्ज्ञ होते. "मागच्या वेळी तुम्ही मलाच उलटा प्रश्न विचारला होतात," ते म्हणाले. आम्रपालीनं ग्लास उचलला आणि सावकाश, तळ दिसेपर्यंत पाणी प्यायली. राग कुठल्या कुठे विरघळला.

"हो सर," ती शांतपणे म्हणाली. "उत्तर यायचंय अजून."

मंडळ हसलं. ते तज्ज्ञसुद्धा. त्यानंतर तिच्या कामाबद्दल खरे प्रश्न सुरू झाले, आणि ते तर तिला झोपेतही आले असते.

आम्रपाली सहयोगी प्राध्यापक झाली. पुष्करचा निबंध छापून यायला उशीर होता, त्यामुळे त्याला पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं होतं. सुनीती मॅडमनी नियम सांगितला, "बढती झालेल्यानं नवा जोडीदार घ्यायचा. तुमची जोडी संपली."

दोघं त्या दुपारी न ठरवताच खडकवासल्याला गेले. धरणाच्या कडेला भाजलेल्या कणसांचा, लिंबू-तिखटाचा वास दरवळत होता. पाण्यावरून गार वारा येत होता.

"आईशी बोललो," पुष्कर म्हणाला.

आम्रपालीचा हात कणसावर थांबला. "मग?"

"दोन दिवस अबोला धरला तिनं. आज सकाळी चहा देताना म्हणाली, 'मुलगी शिकलेली आहे, कमावती आहे, तोंडानं फटकळ आहे. तुला ती हो म्हणेल कशावरून?'"

"बरोबर आहे त्यांचं."

"हो. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं." तो तिच्याकडे वळला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मला तुम्ही आवडता. फार. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमच्या बाबांच्या प्रश्नावर मी हेच सांगणार होतो, पण तुम्हाला बघून माझी वाचाच बसली. आता... तुम्ही बोला."

इतकं सलग तो कधीच बोलला नव्हता. आम्रपाली पाण्याकडे बघत राहिली. डोळे का भरले, ते कणसाच्या तिखटावर ढकलता आलं असतं. तिनं ढकललं नाही. त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेली राख तिनं बोटानं हलकेच झटकली, आणि तो हात तिथेच राहू दिला.

"अहो, काहीतरी बोला ना..." पुष्कर काकुळतीला आला.

"पुष्कर," ती म्हणाली, "कणीस गार होतंय तुझं."