चाकं काढलेली गाडी

खोटं वाटत असेल त्याने खुशाल इथूनच मागे फिरावं. मी कोणाच्या पाया पडायला बसलेलो नाही.

हे माझ्या आतोबांच्या बाबतीत घडलं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांनी स्वतःच्या तोंडाने माझ्या वडिलांना सांगितलं, आणि मी शेजारच्या खोलीत बसून शब्दन् शब्द ऐकला.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. चांगली टळटळीत दुपार होती. भीती वाटायला ज्यांना अंधार लागतो त्यांची मला कीव येते.

शहराच्या टोकाला एक मैदान होतं. तिथे कॅरव्हॅन उभ्या असायच्या, म्हणजे चाकांवरची घरं. एक खोली, एक ओटा, एक पलंग, संपलं. ज्यांना पक्कं घर परवडत नाही अशी माणसं तिथे भाड्याने राहायची.

आतोबा तिथलं वायरिंग तपासणारे साहेब. तपासणारे कसले, नियमाचा अर्थ लावणारे! वायरला हात लावायचा त्यांना कंटाळा. खुर्चीत बसून शब्दाचा कीस पाडायचा, ही त्यांची खरी हौस. प्रत्येक वाक्य ‘अर्थात’ने सुरू. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे म्हणायचे, “साहेब नुसता अर्थ लावतात, अर्थिंग काही लावू देत नाहीत.”

हसू नका. पुढे त्याच्यातच सगळं आहे.

नियम साधा होता. जे घर ‘हलवता येण्याजोगं’ आहे, त्याचा लोखंडी सांगाडा अर्थिंगला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या तारेला, जोडलाच पाहिजे. नाहीतर कुठे एक वायर सोलली गेली, की अख्खं घर करंट मारणार. दार, पायरी, खिडकीची चौकट, सगळं.

मैदानाचा मॅनेजर एक नंबरचा चेंगट. प्रत्येक गाडीला अर्थिंग करायचं त्याच्या जिवावर आलेलं. त्याने एका गाडीची चाकं काढली, खाली विटा रचल्या आणि आतोबांना बोलावलं.

“बघा साहेब. आता हलेल का ही?”

आतोबांनी चष्मा वर केला. गाडीभोवती एक फेरी मारली.

“अर्थात नाही. म्हणजे हे साधं घर झालं. सांगाड्याचा नियम लागू नाही.”

झालं! शेंबड्या पोरालासुद्धा कळेल की चाकं परत लावली की गाडी हलते. पण शेंबड्या पोराला सहीचा अधिकार नसतो ना.

त्या गाडीत एक शिलाईवाल्या बाई राहायच्या. एकट्याच. दिवसभर मशीन चालवायच्या. त्या आतोबांना भेटायला ऑफिसात आल्या.

“साहेब, दाराच्या हँडलला हात लावला की मुंग्या येतात हो.”

“वय झालं की येतात मुंग्या.”

“साहेब, चाकं लावली तर हलेल ना ती?”

“बाई, तुम्ही कपडे शिवा. शब्दांचं मी बघतो.”

बाई परत आल्या. पुन्हा आल्या. दर वेळी तोच प्रश्न. साहेब, हलेल ना? आतोबांनी शिपायाला सांगून टाकलं, हिला आत सोडू नकोस.

मग बाई लाकडी पट्टीने हँडल दाबून दार उघडायला लागल्या. एके दिवशी अंगण धुतलेलं होतं, पायरी ओली होती, आणि पट्टी आत राहिली.

सकाळी दूधवाल्याला त्या पायरीवर दिसल्या. हात हँडलवरच.

आतोबा काय म्हणाले असतील? “अर्थात, हृदय कमजोर असणार.”

मॅनेजरने लगेच री ओढली. विषय मिटला.

आता माझ्या ताईकडे येतो. ताई म्हणजे आतोबांची एकुलती एक लेक. जावईबापूंची बदली त्याच शहरात झाली होती. घर मिळेना. मॅनेजरला कळल्यावर तो लोणी लावायला हजर. “साहेबांची लेक म्हणजे माझी बहीण. ती विटांवरची गाडी रिकामीच आहे की!”

आत्या कडाडली. “तिथे नको. तिथे ती बाई गेली.”

आतोबांनाही ती बाई आठवली असणार. पण तोंडातून काय निघालं? “माझ्याच लेकीला मी तिथे ठेवलं नाही, तर लोक म्हणतील याचा स्वतःच्या सहीवर विश्वास नाही.”

बघा. पोटची पोर एका पारड्यात, आणि सही दुसऱ्या!

सामान हलवायच्या आधी ताई पडद्यांची मापं घ्यायला निघाली. आतोबाही बरोबर गेले. मनात कुठेतरी धाकधूक होतीच. त्यांनी मॅनेजरला सांगून गाडीची वायर बोर्डातून उपटून घेतली. वायरचं टोक समोर जमिनीवर पडलेलं. कशालाच जोडलेलं नाही.

मॅनेजर चहा सांगायला गेला.

ताईने चपला पायरीवर काढल्या आणि आत गेली. आतोबा बाहेर उभे.

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

आणि दार... आपोआप लागलं.

आतोबा हसले. जुनं दार, बिजागरी सैल असेल.

मग आतून आवाज आला...

शिलाई मशीनचा.

खडखड... खडखड... थांबला. पुन्हा खडखड...

गाडी तर पूर्ण रिकामी होती. बाईंचं मशीन मॅनेजरने कधीच विकून खाल्लं होतं.

आतोबांनी खिशातून टेस्टर काढला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा काढला असेल. हँडलला टेकवला.

टेस्टर पेटला.

त्यांनी वळून जमिनीवर बघितलं. वायरचं टोक तिथेच पडलेलं. मोकळं.

पुन्हा टेकवला. पुन्हा पेटला. लालभडक.

पायाखाली काहीतरी भुरभुरलं. विटांची भुकटी. चाकं नसलेली गाडी... हळूहळू डोलत होती. पाळणा डोलतो तशी.

आणि दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, ओळखीचा आवाज आला...

“साहेब... हलतंय का?”

लेक आत. हँडलमध्ये करंट. गाडी डोळ्यांसमोर डोलतेय. कुठलाही शहाणा माणूस काय म्हणाला असता? हो बाई, हलतंय, चुकलं माझं, माझ्या पोरीला सोडा.

आतोबा म्हणाले, “नाही.”

होय. हेच म्हणाले! वडिलांना सांगताना स्वतः ढसाढसा रडत होते, पण हेच म्हणाले.

मशीन जोरात सुरू झालं. एक वीट सरकली.

“साहेब... बघा ना नीट. हलतंय का?”

“नाही म्हटलं ना!”

गाडी इतकी कलली की खिडकीची काच करकरली. आवाजात राग नव्हता, हे आतोबा वडिलांना पुन्हा पुन्हा सांगत होते. ऑफिसात विचारायच्या तसाच साधा आवाज. पण आता त्यात जरा रडू मिसळलेलं.

“साहेब... एकदाच सांगा ना...”

“नाही, नाही, नाही!” आतोबा कान झाकून ओरडले.

मशीन थांबलं.

सगळंच थांबलं.

दार उघडलं. ताई उभी होती. चेहरा पांढराफटक. उजव्या तळहातावर हँडलचा लालभडक ठसा. तिने बापाकडे एकदाच बघितलं, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी फाटकाबाहेर चालत गेली.

मॅनेजर चहा घेऊन आला तेव्हा आतोबा धुळीत बसले होते. वायरचं ते मोकळं टोक मुठीत धरून.

त्या गाडीचं पुढे काय झालं म्हणाल, तर मॅनेजरने तिला चाकं लावली आणि अर्ध्या तासात ट्रॅक्टरने ओढून कोणाला तरी विकली. हललीच की शेवटी! आज ती कुठल्या मैदानात उभी आहे, आत कोण झोपतंय, देव जाणे. आतोबांनी लावलेला अर्थ मात्र ऑफिसात अजून तसाच चालू आहे. तो बदलायला ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणावं लागेल, आणि तेवढं काही त्यांच्याच्याने होत नाही.

पण माझी झोप उडते ती यामुळे नाही. ती त्या संध्याकाळमुळे.

मी तेव्हा आत्याकडेच होतो. ताई हाताला पट्टी बांधून पलंगावर बसली होती. आत्या शेजारी. आतोबा दारात.

“बाबा,” ताई म्हणाली, “आत हँडलला हात चिकटला होता माझा. सुटत नव्हता. मी तुम्हाला हाक मारली. म्हटलं, बाबा, दार उघडता का?”

आतोबांनी दाराची चौकट धरली.

“तुम्ही नाही म्हणालात.”

“अगं...”

“मी परत म्हटलं. बाबा, बघा ना, दार उघडा. तुम्ही ओरडलात, नाही म्हटलं ना. मग मी रडायला लागले. म्हटलं, एकदाच...”

आत्याने डोळ्यांना पदर लावला.

“अगं, ते मी तुला नव्हतो म्हणालो!”

“आत मी एकटीच होते, बाबा. बाहेर तुम्ही एकटेच. मग कोणाला म्हणालात?”

आता तरी सांगायचं ना! नुसतं नाव घ्यायचं त्या बाईंचं. पण ते घेतलं, की त्या काय विचारत होत्या तेही सांगावं लागलं असतं.

ताई वाट बघत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, मी बघितलंय. आतोबांचे ओठ हलले, पुन्हा मिटले.

मग ताईने एका हाताने बॅग भरायला घेतली. ती आजतागायत माहेरी आलेली नाही.