डाव्या बुटाचा तळ

"आत्या, वडिलांच्या नावाची जागा मी कोरीच ठेवलीये!"

भाचीने नोकरीवर रुजू होण्याचा अर्ज दुकानातल्या कातड्याच्या तुकड्यांवर आपटला आणि भिंतीवरचा बापाचा फोटो, वैमानिकाच्या टोपीतला, हसरा, उतरवून उलटा ठेवला. बूट शिवत बसलेल्या आत्याची आरी हातातच थबकली. भिंतीवर उरलेल्या त्या फिकट चौकोनाकडे ती बघत राहिली... ज्या पोरीला एक वर्षाची असताना छातीशी धरलं, ती आज बापाचं नाव पुसून परक्या शहरात शाळेत शिकवायला निघाली होती!

"उचल तो फोटो," आत्या एवढंच म्हणाली.

"का उचलू? सहा जण मेले आणि सातवा पळाला! अख्खं गाव म्हणतं."

"गावाला म्हणू दे. तू नाही म्हणायचं."

एकोणीस वर्षांपूर्वी, लढाई ऐन भरात असताना, आपलंच एक बॉम्बफेकी विमान घायाळ होऊन परतताना बसने तासाभरावर असलेल्या दलदलीत कोसळलं होतं. आत सात माणसं. सहा जणांचे देह मिळाले. शेपटीतली मशीनगन चालवणारा सातवा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, मिळाला नाही, आणि शेपूटही मिळालं नाही. सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढा एकच शब्द आला. गावाने त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावला. उडी मारली असेल, कुठेतरी दुसरा संसार थाटला असेल! त्याची बायको बाळंतपणातच गेलेली. आत्याच्या होणाऱ्या सासरच्यांनी निरोप धाडला, की पळपुट्याची पोर सोडून ये. आत्याने पोर ठेवली आणि लग्न सोडलं.

तेव्हापासून ती हट्टालाच पेटली होती. दर महिन्याला कचेरीत एक अर्ज, दलदल उपसा म्हणून. कारकून तिला 'दलदलबाई' म्हणून हसत, तिच्या देखत हसत, आणि ती त्यांनाच त्यांच्या बुटांची टाच झिजल्याचं सांगून परत येई. यंदा कालव्यासाठी दलदल खरंच उपसायला घेतली, तेव्हा दलदलबाईला कळवायचं आहे, हे तिथल्या शिपायालासुद्धा पाठ होतं.

आणि आज, हे भांडण चालू असतानाच, दारात तार आली. 'शेपूट सापडलं. लगेच या.'

आत्या उठली. झिजलेल्या बुटांत पाय घातले, उजव्याचा तळ पुढून सुटून जीभ काढत होता. गावाचे बूट शिवणाऱ्या या बाईला स्वतःच्या बुटाला चार टाके घालायला कधी सवड झाली नव्हती.

"चल," ती म्हणाली.

"येते. एकदाचं तुझं समाधान होऊ दे. तिथूनच मी शहराची बस धरीन!" असं म्हणून भाचीने ट्रंक उचलली.

काळ्या चिखलातून वर काढलेलं ते शेपूट ताडपत्रीवर आडवं पडलं होतं. शेजारी पांढऱ्या कापडाखाली जे काही उरलं होतं ते, आणि बुटांचा एक जोड. पिकल्या केसांचा एक अधिकारी वही घेऊन उभा होता.

"बाई, नावाची पट्टी मिळालेली नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या वर्षी इथे तीन विमानं पडली. हे शेपूट कुठल्या विमानाचं, हा माणूस कोण, मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. खूण पटली नाही तर 'अनोळखी' असंच लिहावं लागेल."

अनोळखी! आत्याची नजर त्या डाव्या बुटावर खिळली. खूण होती... एकोणीस वर्षं तोंडाला कुलूप लावून जपलेली खूण! ती बोलली तर भाऊ परत मिळणार होता, पण शेजारी ट्रंक घेऊन उभी असलेली ही पोर कायमची जाणार होती. तिने पदराने ओठ पुसले आणि पाठ ताठ केली.

"साहेब, डाव्या बुटाच्या आत बघा. तळाखाली कातड्याचे तीन थर आहेत. टाचेपाशी आरीची दोन भोकं जास्तीची आहेत. आरी घसरून माझ्या अंगठ्यात गेली होती." तिने अंगठा पुढे केला. पांढरा वण अजून होता.

अधिकाऱ्याने चाकूने तळ उचकटला. एक, दोन, तीन थर... आणि टाचेपाशी दोन भोकं!

"त्याचा डावा पाय बोटभर आखूड होता," आत्या म्हणाली. "भरतीत एकदा नापास झाला. तीन दिवस जेवला नाही. म्हणाला, ताई, तू तळ जाड करून बूट शिवलास तर कुणाला कळणार नाही. मी शिवला."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... तूच पाठवलंस त्यांना? घरी राहिले असते ते! मला बाप असता!"

"हो," आत्या म्हणाली. तिने एकही सबब सांगितली नाही.

भाची वळली आणि ट्रंक घेऊन चालू लागली.

"थांब पोरी," अधिकारी म्हणाला, तशी ती पाठमोरीच थांबली. "हेही बघून जा. त्याची उडी मारायची छत्री खुंटीवर तशीच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि गोळ्यांचे पट्टे रिकामे आहेत, शेवटच्या गोळीपर्यंत. हा कुठेही पळाला नव्हता." मग वहीत लिहिता लिहिता आत्याला म्हणाला, "बुटावरून ओळख पटली, एवढंच लिहितो, आखूड पायाचं नाही. पाण्याने कातडं फुगतं, थर मोजत कोण बसलंय!"

आत्याने दोन्ही हात जोडले. डोळे पुसून वळून पाहते, तो भाची नव्हती. बस निघून गेली होती.

पुढच्या बसने ती एकटीच परतली. मनाशी तिने पक्कं केलं होतं, की रडायचं नाही. भाऊ घरी आला, पोर पंख फुटून गेली, आपलं काम झालं... पण दुकानाची फळी उघडी दिसली आणि तिचे पाय उंबऱ्याशीच अडले.

फोटो खिळ्यावर होता. त्याखाली अर्ज, आणि कोऱ्या जागेत ठळक अक्षरांत भावाचं नाव. आत्याच्या बैठ्या स्टुलावर भाची बसली होती. डोळे सुजलेले, हातात आरी.

"शहराच्या बसमध्ये बसले होते," ती खाली मान घालून म्हणाली. "मग वाटलं, गप्प राहिली असतीस तर मला कधी कळलंही नसतं. माझ्यासमोर बोललीस... मी जाईन हे माहीत असून! बस आपल्या फाट्यावर थांबली, तशी उतरले."

"त्याचं नाव मोठं होतं गं, माझ्यापेक्षा."

"आत्या, मी अजून रागावलेलीच आहे हं."

"राग तुझ्या हक्काचा आहे, पोरी."

"सोमवारी मला जावंच लागेल. पण त्याआधी..." भाचीने हात पुढे केला. "पाय दे इकडे."

"काय?"

"बूट काढ. जीभ काढतोय तो!"

आत्या खुर्चीवर बसली, गिऱ्हाइकासारखी, आयुष्यात पहिल्यांदाच. भाचीने बूट मांडीवर घेतला, दात-ओठ खाऊन आरी घुसवली, आणि दोरा ओढताना तिच्या डोळ्यांतलं पाणी कातड्यावर टपकलं.

"तिरका गेला टाका. उसवून परत घालू?"

सबंध गावाची बोलणी ऐकूनही कधी माघार न घेतलेल्या, एक तिरका टाकाही खपवून न घेणाऱ्या आत्याने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"असू दे," ती म्हणाली. "असाच राहू दे."