हिंगाच्या डब्यातल्या नोटा

महिन्याचा शेवटचा मंगळवार हा जिनदत्त मगदूम यांचा भरण्याचा दिवस. सकाळी आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट चढवून, खिशातल्या उरलेल्या नोटा एका तोंडानं लावून ते बँकेत निघायचे. सांगलीच्या एस.टी. आगारात त्यांनी उभी हयात कंडक्टरांच्या पिशव्या मोजून घेण्यात घालवली होती. पाळी संपली की भरणा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पेन्शन रोख काढायची, घरखर्चाचे पैसे बायकोच्या हातात ठेवायचे, बाकीचे आपल्या खिशात, आणि महिनाअखेर खिशात उरेल ते पुन्हा बँकेत. मोबाइलवरून पैसे देणाऱ्या माणसाला पैसा कळत नाही, हे त्यांचं मत होतं आणि ते कुणी न विचारताही सांगायचे.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. बँकेची ही शाखा एका कापडदुकानाच्या माडीवर होती तेव्हापासूनचे ते खातेदार. पण अण्णा बँकेच्या मोबाइल ॲपच्या वाटेला कधी गेलेच नसल्यामुळे तिथल्या संगणकाला त्यांची ओळख पटत नसे, आणि दर दिवाळीला त्यांना 'प्रिय नवीन ग्राहक' म्हणून शुभेच्छा येत. रोख व्यवहार आता फक्त मंगळवारी, तोही दुपारपर्यंत, आणि मागच्या बाजूला जनरेटरच्या खोलीशेजारी. स्वतःचेच पैसे स्वतःच्याच खात्यात भरायला फी पडायची. जुन्या काळातली एकच गोष्ट तिथं टिकून होती, ती म्हणजे दोरीला बांधलेलं, शाई नसलेलं पेन.

आणि आता तर नाक आलं होतं.

त्याचं कागदोपत्री नाव गंधपारखी. मधल्या काळात खोट्या नोटा इतक्या हुबेहूब यायला लागल्या की माणसाच्या आणि यंत्राच्या डोळ्यांनी हात टेकले. तेव्हा शास्त्रज्ञांनी नाकाचा विचार केला. खोटी नोट दिसायला कितीही खरी असली तरी ती जगलेली नसते. खऱ्या नोटेवर घामाचा, मिरचीचा, डिझेलचा, उदबत्तीचा असे वासांचे थर बसत जातात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. गंधपारखी हे थर वरून खाली वाचायचं आणि नोट कुठून कुठून फिरून आली ते सांगायचं. खातेदारांच्या हातांचे वास त्याच्याकडे नोंदलेलेच होते. सुरुवातीला त्यानं सांगलीच्या अख्ख्या बाजारपेठेच्या नोटा संशयास्पद ठरवल्या, कारण सगळ्यांना हळदीचा वास येत होता. शेवटी पुण्याहून एक इंजिनिअर येऊन त्याला हळद माफ करायला शिकवून गेला. मागच्याच महिन्यात त्यानं एका गृहस्थांच्या नोटा कुठल्या दुकानातून आल्या ते भर रांगेत, बायकोच्या देखत, खणखणीत आवाजात सांगितलं होतं. तेव्हापासून लोक बँकेत यायच्या आधी नोटा गच्चीवर वाळत घालू लागले.

अण्णांच्या खात्यावर दोन आक्षेप होते. हळदीमुळेच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तिसरा आक्षेप आला आणि सुटला नाही, तर नियमाप्रमाणे रोखखातं बंद होणार होतं. मग सगळा कारभार मोबाइलवर, तोही पुण्याला असलेल्या मुलाच्या, सन्मतीच्या देखरेखीखाली. मेथीची जुडी घ्यायची तरी तिकडे पोराचा मोबाइल वाजणार, आणि पोरानं हो म्हटलं तर मेथी मिळणार. या विचारानंच अण्णांचं रक्त उसळायचं.

त्यांचा नंबर आला. त्यांनी नोटा यंत्राच्या फटीत सरकवल्या. आतून सूं सूं असा आवाज आला.

"मान्यवर ग्राहक," नाक म्हणालं, "आपल्या नोटांचे चरित्र समाधानकारक नाही."

"माझ्या नोटांचं चरित्र काढतोस?" अण्णा भडकले. "तुझ्यापेक्षा माझं खातं जुनं आहे!"

"सदर नोटा याच शाखेतून आपल्यालाच देण्यात आल्या होत्या. आपल्या हातातून त्या इतरत्र गेल्या. तेथून हिंगाच्या सान्निध्यात राहिल्या. तेथून पुन्हा आपल्याकडे आल्या. हा चक्राकार व्यवहार आहे. आक्षेप तिसरा."

मागच्या रांगेत कुणीतरी हळूच 'काळा पैसा' म्हणालं. अण्णा गर्रकन वळले. "काळ्याचा पांढरा करतोय म्हणता? मी? अहो, सांगलीत काळ्याचा फार तर पिवळा होईल!"

रांग खदखदून हसली. तेवढ्यात काउंटरमागून तबस्सुम मुजावर उठून आली. ती इथं शिकाऊ म्हणून लागली तेव्हापासून अण्णांना ओळखत होती. "अण्णा, आत या की. चहा सांगते," असं म्हणत ती त्यांना आपल्या टेबलापाशी घेऊन गेली.

"चहा नको. हे यंत्र बिघडलंय तेवढं लिहून दे."

"बिघडलं नाही, अण्णा." तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही बघा. ही नोट आम्ही तुम्हाला दिली. तुम्ही ती कुणाला तरी दिली, हा म्हशीच्या दुधाचा वास. मग ती हिंगाच्या डब्यात गेली. मग परत तुमच्या हातात. आज आणलेल्या बहुतेक नोटा अशाच."

"कसं शक्य आहे? हिंगाचा डबा पद्माचा, घरखर्चाचे पैसे ती त्यात ठेवते. माझ्या खिशाचा आणि त्याचा संबंध काय? मी रोज रात्री खिसा मोजतो. सकाळी किती होते, दिवसात किती गेले, सगळं तोंडपाठ. तिला मोठ्यानं सांगतो, जुळला म्हणून. दोन वर्षं झाली, एका रुपयाचा फरक नाही!"

"एका रुपयाचाही नाही?"

"नाही म्हणजे नाही."

हे म्हणताना त्यांची छाती फुगली, आणि तशीच अडकली.

कारण आगारात नव्यानं लागणाऱ्या प्रत्येक कारकुनाला त्यांनी एक गोष्ट शिकवली होती. प्रामाणिक कंडक्टरची पिशवी कधी तंतोतंत जुळत नाही. सुट्ट्याच्या भानगडीत रुपया इकडे, दोन रुपये तिकडे व्हायचेच. ज्याची पिशवी रोज पैशापर्यंत जुळते, त्यानं वाटेत कुठंतरी पदरचे घालून ती जुळवलेली असते. अशा पिशव्या त्यांनी नुसत्या हातात घेऊन ओळखल्या होत्या. आणि स्वतःचा खिसा दोन वर्षं पैशापर्यंत जुळत होता, तो त्यांना ओळखता आला नव्हता.

"ती घालते," अण्णा पुटपुटले. "मी कुठंतरी पैसे हरवतोय, आणि ती डब्यातले काढून माझ्या खिशात घालतेय."

तबस्सुमनं चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"म्हणजे मागचे दोन आक्षेप हळदीमुळे, आणि हा तिसरा हिंगामुळे," अण्णा म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

"अण्णा," ती चाचरत म्हणाली, "मागचे दोन्हीसुद्धा हिंगामुळेच होते. दोन्ही वेळेला आपण इथंच बसलो होतो. तुम्ही कंडक्टरच्या पिशवीचं मला सांगितलंत. काकूंना घेऊन येतो, त्यांच्या हाताची नोंद करू, असं म्हणून गेलात. आणि..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. अण्णांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला अंधारात वाटते तशी. पण आयुष्यभर लोकांच्या तुटीवर बोट ठेवलेला माणूस तो. तूट सापडली की ती त्याच पाळीत भरून काढायची असते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"फोन लाव," ते म्हणाले. "आत्ता लाव. मी दारापर्यंत गेलो तर परत विसरेन. तिला म्हणावं, डबा घेऊन ये."

पद्मावतीकाकू रिक्षानं आल्या. पितळी डबा त्यांनी पदराखाली झाकून आणला होता, तरी त्यांच्या आधी वास आत आला. रांगेतली माणसं बाजूला झाली.

"काय केलंत आता?" त्यांनी अण्णांना विचारलं.

"मी काय करणार? चक्राकार व्यवहार तुझा."

स्रोताची खात्री करायला डबा नाकासमोर धरणं भाग होतं. तबस्सुमनं झाकण उघडलं. नाकानं एकदाच जोरात सूं केलं आणि ते थबकलं. वरचा लाल दिवा लागला, मग हिरवा, मग दोन्ही एकदम. "तीव्र," नाक म्हणालं. "तीव्र. अतिशय ती..." पुढे नुसती घरघर आली आणि पडद्यावर पाटी उमटली, 'यंत्र विश्रांती घेत आहे.' लोणच्याच्या दुकानाचा भरणा घेऊन आलेल्या एका बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

यंत्र सावरेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिले.

"कुठं जातात गं माझे पैसे?" अण्णांनी विचारलं.

"रिक्षावाल्याला दोनदा देता. दुधाचं बिल भागवता आणि चार दिवसांनी परत भागवता. आपला दूधवाला भला माणूस, मागच्या दारानं मला आणून देतो. सगळेच कुठले देतात? मग संध्याकाळी तुमच्याच तोंडून हिशेब काढून घेते, आणि कमी पडतील तेवढे घरखर्चातले घालते."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. तुम्ही एवढे हिरमुसलात, जेवला नाहीत. सकाळी उठून परत होते तसे." काकू डब्याच्या झाकणाशी चाळा करत होत्या. "आणि खरं सांगू? रात्री जुळला म्हणताना तुमचं तोंड कसं खुलतं, ते तुम्हाला कुठं दिसतंय? मला दिसतंय. तेवढ्यासाठी दोनपाचशे गेले तर गेले."

अण्णांना राग यायला हवा होता. तो काही आला नाही. एवढ्या माणसांत त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. हे त्यांनी लग्नातही भटजींनी सांगितल्यावरच केलं होतं.

नाक शुद्धीवर आलं. काकूंचा तळहात त्याच्यापुढे धरून वासाची नोंद झाली आणि खात्यावर त्यांचं नाव लागलं. "स्रोत जुळला," नाक म्हणालं. "आक्षेप मागे घेण्यात येत आहे. आपले स्वागत असो, प्रिय नवीन ग्राहक."

"हिला म्हणालं ते," अण्णा तबस्सुमला म्हणाले. "मी जुना आहे."

पायऱ्या उतरून दोघं रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत थांबले. ऊन चढलं होतं. अण्णांनी खिसा चाचपला. खिसा रिकामा होता, सगळ्याचा भरणा झाला होता. काकूंनी न बोलता डबा उघडून रिक्षाचे पैसे काढले आणि त्यांच्या खिशात घातले. या वेळी त्यांच्या देखत.

"पद्मा, उद्या मी हे पण विसरलो तर?"

"मग परवा सांगेन."

"परवा विसरलो तर?"

"तेरवा सांगेन. मला दुसरं काय काम हाय?"

अण्णा हसले. रिक्षा आली. काकूंनी आधी डबा आत ठेवला, मग त्या बसल्या. अण्णा आत शिरता शिरता मध्येच थांबले. आगारात पिशवी जुळली तरी ते कंडक्टरला एक शेवटचा प्रश्न विचारायचे, तशाच आवाजात त्यांनी विचारलं,

"आणि तू विसरलीस तर?"

झाकण बसलेलंच होतं, तरी काकूंनी ते पुन्हा एकदा दाबून बसवलं.