वीतभर तोंडाचं बोअर

यास्मिनचं काम तसं साधं होतं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा काढून जमिनीत खोल कायमचा कोंडायचा, तर त्यासाठी घट्ट खडक शोधायचा. गंगापूरकडच्या एका माळावर तिच्या कंपनीनं वीतभर तोंडाचं बोअर पाडलं होतं. खडक मनासारखा लागला होता. आता आत कॅमेरा सोडून भेगा तेवढ्या बघायच्या, की जागा पक्की.

दुपार ढगाळ, कोंदट होती. मशीनवाला बुद्धभूषण केबल सोडत होता आणि यास्मिन पडद्यासमोर बसली होती. शेजारच्या शेतातली भामाबाई येऊन उभी राहिली. इथं कधी विहीर होती का, असं यास्मिननं तिला सहज विचारलं. जुनी विहीर निघाली तर वायू तिथून वर येणार, म्हणजे जागा बाद.

"व्हती की. हितंच," भामाबाई म्हणाली. "मुनीब नावाचा गडी खणत व्हता. खाली हवा खराब निघाली. लई येळ हाका मारल्या त्यानं... मग कड ढासळली. कुणी उतरलं नाय. तशीच बुजवली."

पडद्यावर काळा, ओला खडक सरकत होता. एकाएकी एका बाजूचा खडक संपला आणि पोकळी लागली. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली. ती विरायची, पुन्हा दाटायची. कुणी काचेला तोंड लावून श्वास सोडावा तशी.

"खाली गरम असंल, मॅडम..." बुद्धभूषण दबक्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात चार बोटं वाफेवरून फिरली. काच स्वच्छ झाली. पलीकडं नुसता अंधार होता.

"वर घ्या..." यास्मिन कसंबसं बोलली.

केबल ताणली गेली, मोटर कण्हू लागली. कॅमेरा तांब्याएवढा, आणि ओझं मात्र भरल्या पोत्याचं. बोअरच्या तोंडापर्यंत ते तसंच राहिलं, मग एकदम हलकं झालं. कॅमेरा बाहेर आला. त्याच्या वर केबलला फास मारलेला होता.

भामाबाईनं वाकून गाठ चाचपली आणि हात मागं घेतला.

"ही कमरंला बांधत्यात," ती पुटपुटली. "वर वढा म्हणून."

यास्मिननं फोन करून जागा बाद केली. कारण जुनी विहीर, एवढंच सांगितलं. बोलताना तिचा हात फासावर होता. तो रिकामा होता, माणसाच्या कमरेएवढा, आणि अजून कोमट.