तीन नंबरची ओळ

पटलं तर पटलं, नाहीतर सोडून द्या. माझ्याकडे साक्षीदार नाही. पण हे घडलंय माझ्यासोबत, मुदखेडच्या आमच्या घरात, मागच्या मार्चमधल्या एका रविवारी. तेही भर दुपारी.

सोमवारी माझी कंप्युटर ऑपरेटरच्या जागेसाठी परीक्षा होती. ही जागा आधी अश्वजितदादाची. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये भोकरच्या रस्त्यावर अपघातात दादा गेला. बाबांच्यानं काम होत नाही. ही नोकरी मला मिळाली नसती तर घर बसलंच असतं.

आणि परीक्षेतल्या डेटाबेसमधलं, म्हणजे कंप्युटरवरच्या तक्त्यांमधलं, मला ओ की ठो कळत नव्हतं. दोन इंग्रजी पुस्तकं आणली, दोन्ही डोक्यावरून गेली.

शनिवारी नांदेडला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. मालक मडिवाळप्पाकाका. त्यांना म्हटलं, अगदी पहिल्यापासून शिकवणारं सोपं मराठी पुस्तक द्या.

त्यांनी शोधलंसुद्धा नाही. गल्ल्याखालून काढून दिलं.

"मुदखेडची न्हाई का तू? तुझा भाऊ सांगून गेला. बहीण येईल, सोपं बघून ठेवा म्हणला."

"कधी?"

"परवा की."

म्हातारं माणूस, दिवसांचा घोळ होत असेल... मी पैसे देऊन निघाले. रडूही आलं नाही. दादा गेल्यापासून मला रडू येतच नव्हतं.

रविवारी आई शेजारी गेलेली, बाबा आत झोपलेले. मी दादाच्याच लॅपटॉपवर बसले.

पुस्तक खरंच सोपं होतं. पहिला धडा: घरातल्या माणसांचा तक्ता करा. नावं तुम्ही लिहा, क्रमांक कंप्युटर देईल.

मी वयाप्रमाणे लिहिलं. बाबा, आई, मी.

क्रमांक आले... एक, दोन, चार.

खाली चौकटीत छापलं होतं: ओळ पुसली की तिचा क्रमांक पुन्हा कुणालाच मिळत नाही.

मी काहीच पुसलं नव्हतं.

तक्ता काढून टाकला, नवा केला.

एक, दोन... चार.

तेवढ्यात मागं बोटं मोडल्याचा आवाज आला. कामाला बसण्याआधी दादा दहाही बोटं मोडायचा.

मी आवाज मोजले. दहा.

वळून बघितलं नाही.

खरं सांगते, पुसलं होतं. अर्जाला नवं रेशनकार्ड जोडायचं राहिलं होतं, म्हणून चार दिवसांआधी तहसीलला जाऊन दादाचं नाव मीच कमी करून आले होते. आईला न सांगता.

खालच्या ओळीत लिहिलं... अश्वजित.

पाच यायला हवा होता.

तीन आला.

आई आल्यावर सगळं सांगितलं, कार्डाचंही. तिनं पडद्यावरच्या त्या तीनवर बोट ठेवलं.

"तू त्याचं नाव काढलंस, धम्मा. आन् तो तुझ्यासाठी पुस्तक बघत हिंडून राहिला."

तेव्हा मला रडू आलं.

परीक्षा पास झाले. आता दादाच्याच खुर्चीत बसते. काकांच्या दुकानाकडं मात्र पाऊल वळत नाही. दादा पुन्हा येऊन गेला म्हणाले, तर काय करू?

ऑफिसात कुणी ओळ पुसायला सांगितली की माझा हात थांबतो. मागं बोटं मोडतात का, ते आधी ऐकते.