गारेगार पत्रा

"वहिनी, पोकलेनवाल्या बाई आल्यात," भावजींनी दारातूनच वर्दी दिली.

वहिनींनी वीस वर्षं यंत्रांच्या विम्याची भांडणं तपासली होती. आता त्या खासगी चौकशा करीत. टिपणं काढायला धाकटे दीर.

बाई आठ महिन्यांचं बाळ घेऊन खुर्चीच्या टोकावर बसली.

"परवा जुनं पोकलेन घेतलं. काल सकाळी सुरूच होईना. विकणारा शेठ म्हणतो, तुमच्या नवऱ्यानं तेलाविना चालवून इंजिन निकामी केलं. असं नाव झालं तर यांना कोण यंत्रावर बसू देईल?"

"घेताना तपासलं नव्हतं?"

"आमचा मिस्त्री होता ना! थंडी मरणाची, बाळानं रडून उच्छाद मांडलेला. यंत्र सुरू करायच्या आधी मी इंजिनापाशी टेकले, तर यानं पत्र्याला गाल लावला आणि गाढ झोपला. मला वाटलं, शकुन चांगला!"

बाळाचं भावजींनी टिपलं नाही.

नवरा खाणीवर कामाला होता, तिथेच भेटला. "तेल काठोकाठ होतं. परवा सुरू केलं ते संध्याकाळीच बंद केलं. काल मात्र नुसतं खोकत राहिलं."

शेठ आवारातल्या पिवळ्या यंत्रांच्या रांगेत उभा होता. "मी गिऱ्हाइकाबरोबरच पोचलो. मिस्त्री आधीच आत, साखळ्या बघत होता."

"किल्ली?"

"या जातीच्या सगळ्या यंत्रांना एकच चालते. कुठल्याही मिस्त्रीच्या खिशात असते."

मिस्त्री ऐटीत बोलला, "जुनं यंत्र आधी हातानं बघायचं, मग किल्ली. मी स्वतः हात ठेवला. गारेगार पत्रा! तरी एका दमात सुरू झालं. पुढचं त्यांचं कर्म."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना आवारात बोलावलं.

"झिजलेलं इंजिन गरम असलं की तरुण, गार पडलं की म्हातारं. म्हणून तर गार असतानाच सुरू करून बघतात. परवा ते आधीच तापवलेलं होतं."

"पुरावा?" मिस्त्री गुरगुरला.

"थंडीनं रडणारं मूल गारेगार लोखंडाला गाल लावून झोपतं? आणखी किंचाळलं असतं. म्हणजे पत्रा उबदार होता, आणि तुम्ही हात लावूनही 'गार' म्हणालात. सगळ्यांआधी आत तुम्हीच, किल्लीही तुमच्याच खिशात. आता शेठ, यांना कमिशन कुणी दिलं?"

शेठ बुटांकडे बघू लागला. "गिऱ्हाइकाच्या मिस्त्रीला काहीतरी द्यायची... पद्धतच आहे."

"म्हणजे आमचा म्हणून आणला, तो तुमचा निघाला!" बाई कडाडली.

मिस्त्रीची ऐट उतरली. "अर्धा तासच चालवलं होतं," तो पुटपुटला.

शेठनं यंत्र परत घेतलं, आणि नवऱ्याची चूक नव्हती असं खाणीवरच्या मुकादमाला तिथूनच फोन करून सांगितलं. वहिनींच्या घरी परतल्यावर बाईनं पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

भावजी घाईघाईनं राहिलेलं टिपण लिहीत होते. "साक्षीदार, वय आठ महिने. सही कशी घ्यायची, वहिनी?"

"अंगठा घ्या."

भावजींनी बाळाकडे पाहिलं. "तो तोंडात आहे."