बॉनेट गरम होतं

खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. थट्टेतही नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले. पदरचं एक अक्षर घालायचं नव्हतं. दादाला समोर बसवून पुन्हा पुन्हा विचारलं. वहिनीला वेगळं विचारलं. दोघांचं सांगणं तंतोतंत सारखं आलं.

तेव्हा हे घडलेलं आहे. गेल्या हिवाळ्यातल्या सकाळी, दादाच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या खांबाशेजारी.

आणि गाडीतलं शेवटचं... एका रविवारी, भर दुपारी.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. नंबर तपासतो, काचा बसवून देतो. दिवसभर गिऱ्हाइकांना एकच सांगणं, "काचेला बोट लावू नका." घरीही तेच. वहिनी म्हणते, "पहिल्या भेटीत यांनी आधी माझा चष्मा मागून घेतला, पुसून दिला. मग नाव विचारलं."

अशा या जपून जगणाऱ्या माणसाला चाळिशी उलटल्यावर स्पोर्टी गाडीचं वेड लागलं. तोवर सगळा जन्म स्कूटरवर गेलेला. गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

आधी नव्या गाड्या पाहून झाल्या. मनात भरेल ती आवाक्यात बसेना. आवाक्यात बसेल ती दिसायला बिस्किटाच्या डब्यासारखी.

"साधी असू दे, पण नवीच घ्या," वहिनी म्हणाली. "जुन्या गाडीत कोण बसलं, कोण उठलं, आपल्याला काय माहीत?"

"अगं, गाडी आहे ती. धर्मशाळा नाही."

वहिनीचा भाऊ बरोबर येणार होता. त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत. पण नेमका त्या दिवशी तो परगावी. दादाला धीर निघेना. लेकीला घेऊन तो एकटाच गेला.

लेक त्याची एकुलती एक. आम्ही तिला चिंगी म्हणतो. शाळकरी पोर, नाकावर जाड चष्मा, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. अनोळखी माणसाशीही दोन मिनिटांत गट्टी.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात, मागच्या शेडमध्ये, ती उभी होती. लाल. बसकी. दोनच दारं. दादा बघतच राहिला.

त्याने गाडी कशी पाहिली माहीत आहे? हात पाठीमागे बांधून. चष्म्याच्या काचेवर चरा शोधावा तशी. वाकून, तिरपं होऊन, उजेडात डोळे बारीक करून. रंग निर्दोष. काचा लखलखीत. एक डाग नाही.

"एकाच हातातली गाडी आहे, साहेब," गाडीवाला म्हणाला. "बाईंची होती. कित्येक महिने जागची हलली नाही. सुरूसुद्धा केली नाही कोणी."

चिंगीने तोवर बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले होते.

"बाबा... ही गरम आहे."

"उन्हातली आहे ना, बेटा," गाडीवाला हसला.

आणि दादा काय म्हणाला?

"हात काढ आधी. ठसे उमटतात."

गाडी तर सावलीत होती. पण ते त्याच्या डोक्यात आलं... घरी आल्यावर, कितीतरी दिवसांनी.

पहिले काही दिवस कौतुकात गेले. शेजारीपाजारी खाली येऊन बघून गेले. दादा दुकानात जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचा.

मग एका सकाळी तो गाडीत बसायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगवर आदळले.

सीट पुढे ओढलेली होती. अगदी पुढे.

दादा चांगला उंच आहे. तो सीट मागे सरकवून बसतो. त्याला वाटलं, चिंगीचा उद्योग. तिला विचारलं.

"मी? किल्ली तुमच्या उशाखाली असते, बाबा. उशी हलवली तरी तुम्ही ओरडता."

खरंच होतं. त्याने सीट मागे केली आणि विषय सोडला.

दुसऱ्या सकाळी... सीट पुढे.

तिसऱ्या सकाळी सीट पुढे, आणि शेजारच्या सीटच्या खिडकीवर बोटांचे ठसे. दादाने खिशातलं मऊ फडकं काढलं. पुसलं. ठसे गेले नाहीत.

त्याने जोर लावून पुसलं.

मग त्याच्या लक्षात आलं... ठसे आतून होते.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला. जेवण झाल्यावर पहिला प्रश्न, "भाऊजी, घ्यायच्या आधी बॉनेटला हात लावून बघितला होता ना?"

"हात कशाला लावायचा?"

"घ्या! पहिला धडाच चुकला तुमचा. जुनी गाडी बघायला गेलं की आधी तळहात टेकवायचा. गार असेल तर ठीक. गरम असेल तर सरळ समजायचं, आपण यायच्या आधी कोणीतरी चालवलीय."

दादाच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं.

"गरम होती," चिंगी म्हणाली. "मी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी दादा उजाडता उजाडता खाली गेला. कडाक्याची थंडी. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर दव साचलेलं.

या गाडीवर दवाचा थेंब नव्हता.

त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या लाल रंगावर उघडा तळहात ठेवला.

आणि झटकन मागे घेतला.

चटका बसला होता.

मग मात्र त्याचा धीर सुटला. किल्ली कपाटात कुलपात ठेवली, सकाळी बॉनेट गरम. बॅटरीची तार काढून ठेवली, तरी गरम. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, गाडी कुठं हलतेय? मी समोरच असतो. आत दिवा मात्र असतो बराच वेळ. मला वाटलं, वहिनीसाहेब बसतात."

"कशावरून?"

"बाईमाणूस दिसतं ना. मान पुढे काढून बसलेलं. काचेला नाक लावून."

दादाने तिथूनच गाडीवाल्याला फोन लावला. पडेल त्या भावात परत घे, म्हणाला. गाडीवाल्याने घासाघीससुद्धा केली नाही. कारणही विचारलं नाही. "सोमवारी सकाळी येतो," एवढंच.

जणू त्याला हा फोन येणार हे माहीत होतं.

रविवारची दुपार. जेवणं उरकली होती. वहिनी आवराआवर करत होती. दादाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा घर शांत होतं.

फारच शांत. चिंगीची टकळी ऐकू येत नव्हती.

"चिंगी कुठेय?"

"खाली गेलीय. गाडीला टाटा करून येते म्हणाली."

दादा अनवाणी धावला. कपाट उघडून किल्ली तेवढी घेतली.

पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. फक्त एक बारीक घरघर... लाल गाडी सुरू होती.

चिंगी आत होती. शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. तोंड ड्रायव्हरच्या सीटकडे. हसत होती, हातवारे करत होती. मध्येच गप्प होऊन कान देऊन ऐकत होती.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. पुढे ओढलेली.

दादाने किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. किल्ली दारात घालून फिरवली. फिरेना. दार ओढलं. मग दोन्ही तळवे काचेवर आपटू लागला. ज्या माणसाने उभ्या जन्मात काचेला बोट लागू दिलं नाही, तो तळव्यांनी काच बडवत होता.

"चिंगे! दार उघड! चिंगे!"

तिने वळून पाहिलं.

सिग्नलला थांबलेल्या गाडीतून आपण रस्त्यावरच्या कुणातरी माणसाकडे पाहतो ना... तसं.

मग ती परत वळली. डोळ्यांवरचा चष्मा काढला. रिकाम्या सीटकडे पुढे धरला.

आणि हात सोडला.

चष्मा पडला नाही.

दादा शपथेवर सांगतो. चष्मा तिथेच राहिला. हवेत, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. हळूच जरा वर सरकला, नाकावर नीट बसवावा तसा. मग वळला. समोरच्या काचेकडे... आणि तिथून, सावकाश, दादाकडे.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. तो काहीच करू शकला नाही. तळवे काचेला चिकटल्यासारखे झाले होते.

मग घरघर थांबली. दाराचं लॉक खट्कन उघडलं. चष्मा सीटवर पडला.

त्याने पोरीला ओढून बाहेर काढलं, छातीशी धरलं. ती नेहमीसारखी होती. हात ऊबदार, आवाज तोच.

"बाबा, केवढं घाबरता! आम्ही बोलत होतो नुसत्या."

"आम्ही... कोण?"

"त्या मावशी. त्यांना लांबचं दिसत नाही, बाबा. माझ्या चष्म्यातून पण नीट नाही दिसलं. घरचा रस्ता सापडत नाही म्हणाल्या, रोज शोधतात."

दादाने वाकून सीटवरचा चष्मा उचलला.

"मग मी म्हटलं, माझे बाबा नंबर काढतात ना. तुम्ही आमच्याकडेच या."

सोमवारी गाडीवाला गाडी घेऊन गेला. दादाने ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पाहिली. वहिनीने त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं.

आठवडा बरा गेला.

मग एका सकाळी दादाने दुकानाचं शटर वर केलं. कुलूप जिथल्या तिथे होतं. आत नंबर तपासायच्या यंत्रासमोर गिऱ्हाइकाचं स्टूल असतं, फिरवून उंच-बुटकं करायचं. ते कोणीतरी खाली फिरवलेलं होतं. अगदी बुटक्या माणसासाठी.

यंत्रावर हनुवटी टेकवायची पट्टी असते. दादाने तिच्यावर बोट ठेवलं.

गरम होती.

आता तो रोज सकाळी उठतो, चिंगी झोपलेली असतानाच तिचा चष्मा उशाशेजारून उचलतो आणि पुसतो. काचांवर ठसे असतात. चिंगीची बोटं त्याला माहीत आहेत. हे तिचे नव्हेत. आणि असतात ते काचेच्या आतल्या बाजूने, डोळ्याकडच्या.

चिंगीचा नंबर वाढतोय. डॉक्टर म्हणतात, वाढीचं वय आहे, वाढतो. दादा मान हलवतो. तो जाड काचा बसवून देतो, सकाळी त्या पुसतो. आणखी काय करणार?

चिंगीला आम्ही काही विचारत नाही. ती विचारलं तर सांगेल, याचीच भीती वाटते.

मी रोज दादा, वहिनी आणि चिंगीचं नाव घेऊन प्रार्थना करते. कधी चुकवलं नाही.

पण हल्ली तिघांची नावं घेऊन झाली, हात जोडलेलेच असले, की मनात येतं...

एक राहिलं.